सेफचं पान

विशे सर बसलेले मला आठवत नाहीत. डोळे मिटून आठवून बघितलं तरी माणूस उभाच दिसतो. आमच्या कंपनीची बस सकाळी शहापूरहून सुटायची, शेणव्याला ते चढायचे आणि अर्धी बस रिकामी असली तरी मुरबाड येईपर्यंत दांडा धरून उभे राहायचे. पहिल्या आठवड्यात मी दोनदा म्हटलं, "सर, बसा की." त्यावर म्हणाले, "नको बाई. बसलो की डोकं पण बसतं." मी मनात म्हटलं, घ्या, कंपनीत एक नमुना कमी होता, तोही आला. माझा स्वभाव तेव्हाही तुसडा होता आणि आता वयानं तो निवळलाय असं माझ्या घरचं कोणी म्हणणार नाही.

उभं राहणं हे एक. दुसरं म्हणजे येरझाऱ्या. चहाचा कप माझ्या टेबलावर ठेवायचे, व्हरांड्यात एक चक्कर मारायचे, येऊन एक घोट घ्यायचे, पुन्हा चक्कर. त्यांचा एक चहा संपेपर्यंत माझी दोन पत्रं टाइप व्हायची आणि त्या चपलांच्या आवाजानं दोन्हींत चुका व्हायच्या. एकदा मी वैतागून म्हटलं, "सर, तुम्हाला कोणी चावी देऊन सोडलंय का?" ते थांबले, गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "शब्द सापडत नाय हो." आणि पुढच्या चकरेला निघाले.

नव्वदचं दशक उतरणीला लागलेलं होतं. मुरबाडच्या एमआयडीसीत कोरियन भागीदारीत निघालेली आमची कंपनी पत्र्याचे सुटे भाग बनवायची. नऊ प्रेस होते, पत्रा दाबून, कापून आकार देणारी धिप्पाड यंत्रं. मी ऑफिसात टायपिस्ट. यंत्रांवर देखरेख करायला कोरियाहून चो साहेब आलेले. त्यांचं इंग्रजी 'गुड', 'नो गुड' आणि 'टुमारो' एवढ्यावर आटपायचं. त्यांच्यासाठी दिल्लीहून एक दुभाषी आणला होता, तो मुरबाडचा एक आषाढ काढून जो पळाला तो सामान न्यायलासुद्धा परत आला नाही.

विशे सर तेव्हा शेणव्याकडच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. कंपनीत ते आले होते फक्त इंग्रजी पाट्या मराठीत लिहून द्यायला. पाट्या चार दिवसांत झाल्या, सर मात्र हलेनात. सुट्टीच्या दिवशी यायचे, शाळा सुटल्यावर यायचे, चो साहेबांच्या मागे मागे फिरायचे आणि लाल कापडी पाठीच्या एका चोपडीत काहीतरी लिहायचे. चो साहेबांनी शेवटी त्यांना आपला जुना शब्दकोश देऊन टाकला. दीड-दोन वर्षांत हा माणूस, शहापूर तालुक्याबाहेर ज्यानं फारतर ठाणं बघितलं असेल, तो कोरियन बोलायला लागला. शाळा सोडून कंपनीत दुभाषी म्हणून लागले तेव्हा त्यांच्या भावकीत म्हणे कोणीतरी विचारलं, "रे, मास्तरकी सोडून पोपट झाला का तू?" ही गोष्ट त्यांनी स्वतःच मला हसत सांगितली.

त्या चोपडीत एका पानावर एकच शब्द. आणि तोही विशेषण. डावीकडे इंग्रजी, मधे कोरियन, आणि उजवीकडे मराठी. पण पुस्तकातली नाही, आपल्या भागातला माणूस तोंडानं बोलतो ती. मी विचारलं, विशेषणंच का?

"टेबल दाखवता येतं, बाई. चालणं चालून दाखवता येतं. चो साहेबांकडनं मी अर्धी भाषा अशीच दाखवून शिकलो. पन 'चांगला' कुठं दाखवू? विशेषणाला हात लावता येत नाय. तिथंच माणूस फसतो."

त्यातला 'हॉट'चा किस्सा सगळ्या कंपनीला पाठ होता. वैशाखात चो साहेबांना चहा दिला. त्यांनी घोट घेतला, ओठ आखडले आणि एक शब्द बोलले. मग गळ्याचं बटण काढून फाइलनं वारा घेत दुसरा शब्द बोलले. इंग्रजीत दोन्हींना 'हॉट'च, पण कोरियन शब्द दोन निघाले. सरांनी चहाकडे बोट केलं, 'त्तुगॉवॉयो'. बाहेरच्या उन्हाकडे बोट केलं, 'तॉवॉयो'. पुन्हा चहा, पुन्हा ऊन. चो साहेबांचा चहा तोवर गार झाला. मग सरांनी जी धाव ठोकली ती थेट शॉपमध्ये, यंत्रांच्या शेडमध्ये. प्रेसवर काम करणाऱ्या माणसांना थांबवून सांगत सुटले, "अरे, यांचं आपल्यासारखंच हाय! चहा गरम असतो, पन आपल्याला गरम नाय, आपल्याला उकडतं! इंग्रजांनी दोन्ही एकाच गोणीत भरलंय!" सुपरवायझर म्हणाला, सर, मशीन बंद पाडलीत तुम्ही. सरांना त्याचं काही नव्हतं. ते दिवसभर त्याच तारेत होते आणि परतीच्या बसमध्ये त्यांनी ड्रायव्हरलासुद्धा सोडलं नाही.

आणखी एक त्यांनी हेरलं होतं. चो साहेबांना सोलच्या हेड ऑफिसातून फोन आला की ते खुर्चीतून ताडकन उठायचे आणि फोनवरच्या माणसाला कमरेतून वाकून नमस्कार करायचे, समोर भिंत. आम्ही बायका पदराआड हसायचो. सर हसायचे नाहीत. म्हणायचे, "बघा बाई, वरच्याला 'नाय' म्हनायची यांच्याकडं पन सोय नाय. आपल्याकडं तरी कुठंय? मॅनेजरनं विचारलं, झालं का, तर आपला माणूस काय म्हनेल? हो साहेब, झालंच. सुरुवात पन केलेली नसते."

हे खरं होतं. आमच्याकडचा कोणी कामगार साहेबाला तोंडावर नाही म्हणत नसे. भीती होती म्हणून नव्हे, ते बरं दिसत नाही म्हणून. पाहुण्याला जसं नाही म्हणत नाहीत, तसं.

दुभाषेपणाचे त्यांचे नियम होते. कोणाचंही वाक्य सांगताना आधी 'मॅनेजर म्हणतात' किंवा 'कामगार म्हणतात' असं जोडायचंच. स्वतःचं काही घालायचं नाही, काढायचं नाही. "मी नळ हाय, बाई," असं ते म्हणायचे. "पानी कुठलं ते टाकीला विचारा." मला वाटायचं, एवढा चुळबुळ्या माणूस नळ कसा होणार? पण कामावर उभे राहिले की खरंच व्हायचे. चप्पल जागची हलायची नाही. दिवसभरात तेवढाच वेळ ते स्थिर असायचे.

महिनाअखेर यंत्रांची पाहणी व्हायची. पुढे चो साहेब, मागे मॅनेजर, मग सुपरवायझर, सर आणि पॅड घेऊन मी. प्रत्येक प्रेसपाशी चो साहेब कोरियनमध्ये विचारायचे, हे सेफ आहे का? सर मराठीत विचारायचे. ऑपरेटर म्हणायचा, "हो साहेब, कायी नाय व्हत." सुपरवायझर म्हणायचा, सेफ. मॅनेजर म्हणायचे, सेफ. सर म्हणायचे, 'आन्जॉनहेयो'. मी खूण करायची. नऊ प्रेस, नऊ वेळा. ऑफिसात येऊन मी पहिल्या ओळीत 'सेफ' टाइप करायची आणि खालच्या आठ ओळींत त्याच्याखाली नुसत्या डिटोच्या खुणा मारायची. कोणी कधी एक खूण वाचली असेल असं मला वाटत नाही.

सरांच्या चोपडीतलं 'सेफ'चं पान मला त्यांनीच दाखवलं. पहिले दोन रकाने भरलेले, तिसरा कोरा.

"सुरक्षित लिहा की," मी म्हटलं.

"ते पाटीवरचं झालं. ह्यांच्या तोंडात तो शब्द कुठाय? हे म्हंतात, कायी नाय व्हत. म्हंजे अजून झालं नाय, एवढंच ना? आनि चो साहेबांचं आन्जॉन म्हंजे कोनीतरी बघितलंय, तपासलंय. मधे मी उभा. एका बाजूनं 'अजून झालं नाय' आत जातं, दुसऱ्या बाजूनं 'तपासलंय' बाहेर पडतं." त्यांचा अंगठा बोटांवरून फिरत होता. "कुठंतरी घोळ हाय बाई. सापडत नाय."

मी म्हटलं, सर, पाचची बस सुटेल, चला. आज ते आठवलं की माझा मलाच राग येतो. पण तेव्हा मला खरंच बसची काळजी होती.

त्या वर्षीचा दसरा जोरात झाला. नऊही प्रेस धुऊनपुसून काढले, हळदकुंकू लावलं, झेंडू आणि आंब्याच्या पानांची तोरणं बांधली. चार नंबरचा प्रेस सगळ्यांत नवा, म्हणून पूजा त्याची. तो चालवायचा दत्तू, सरळगावच्या अलीकडच्या पाड्यावरचा, हसला की डोळे मिटणारा माणूस. त्यानं घरच्या झेंडूचं तोरण आणलं होतं, बायकोनं पहाटे ओवलेलं. मॅनेजरनी नारळ फोडला आणि रिवाजाप्रमाणे यंत्र एकदा चालवायचं म्हणून चो साहेबांना बटण दाबायला सांगितलं. प्रेस हलला नाही.

त्याचं कारण असं. प्रेसच्या तोंडाशी दोन बाजूंना दोन उभ्या पट्ट्या होत्या आणि त्यांच्यामध्ये डोळ्यांना न दिसणारा उजेड. त्या उजेडात हात आला की प्रेस वरच्या वर थांबायचा. शॉपमध्ये त्याला सेन्सर म्हणायचे. तोरणाचं टोक, दोन फुलं आणि एक पान, त्या उजेडात लोंबत होतं. तोरण काढणार कोण? पूजा झालेलं, दसऱ्याचं. ते आपण होऊन गळेपर्यंत आपल्याकडे कोणी हात लावत नाही. पाहुणे खोळंबलेले, पेढे वाटायचे राहिलेले. तेव्हा कोणीतरी पॅनेल उघडून सेन्सरची किल्ली बंदवर फिरवली. प्रेस धाडकन चालला, टाळ्या झाल्या.

किल्ली तशीच राहिली. तोरणही तसंच राहिलं. आणि चार नंबरचं काम वाढलं, कारण मधे मधे थांबायचं बंद झालं. सुपरवायझरला शाबासकी मिळाली.

महिनाअखेरच्या पाहणीला चो साहेबांनी चार नंबरपाशी थांबून त्या तोरणाकडे बोट केलं आणि हे काय म्हणून विचारलं. बस्स, सरांना तेवढंच हवं होतं. झेंडू काय, आंब्याचं पान काय, नांगरापासून प्रेसपर्यंत आपण हत्यारांची पूजा का करतो, सगळं त्यांनी कोरियनमध्ये सांगितलं. मला एक अक्षर कळलं नाही, पण इतकं सरळ, न अडखळता बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. चो साहेब लहान मुलासारखे ऐकत होते. मधेच त्यांनी टाळी दिली. त्याच भरात त्यांनी विचारलं, सेफ? दत्तू म्हणाला, "कायी नाय व्हत, साहेब." सुपरवायझर म्हणाला, मॅनेजर म्हणाले, आणि सरांनी हसत हसतच सांगून टाकलं, 'आन्जॉनहेयो'. मी खूण केली.

तोरण उजेडात लोंबतंय आणि तरी यंत्र चालतंय. आम्ही पाच-सहा माणसं त्याच्यासमोर उभी होतो, आणि ह्या दोन गोष्टी कोणी एकत्र पाहिल्या नाहीत.

त्यानंतरच्या मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीआधी, दत्तूच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. मी ऑफिसात होते. ओरडणं ऐकू आलं नाही, सगळ्या शॉपचा आवाज एकाएकी थांबलेला ऐकू आला. त्याला गाडीत घालून कल्याणला नेलं. सर गाडीत त्याच्याजवळ होते, आणि मागाहून कळलं की तिथेही उभेच होते, रात्रभर, दवाखान्याच्या जिन्यात.

मी दुपारी कपाट उघडून पाहणीचा कागद काढला. चौथ्या ओळीत डिटोच्या दोन रेघा होत्या. त्या माझ्या बोटांनी मारलेल्या. मी कागद परत ठेवला आणि कोणाला काही बोलले नाही.

सर पुढे आले ते वेगळेच. येरझाऱ्या त्याच, पण पूर्वी त्या कशाच्या तरी शोधात असायच्या, आता कशापासून तरी पळणाऱ्या वाटायच्या. चहा सोडला. बसमध्ये मला म्हणाले, "नळाला पन पान्याचा वास येतो, बाई. मला आला होता. मी झेंडूचं सांगत बसलो."

महिन्यानं कोरियाहून मोठे साहेब येणार असं ठरलं. अपघाताची चौकशी होती. मॅनेजरनी माझ्याकडून अहवाल टाइप करून घेतला: यंत्र सेफ होतं, ऑपरेटर बेसावध होता. हा कागद मान्य झाला की दत्तूची नोकरी जाणार, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. सरांना त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं.

"विशे, तुम्ही फक्त भाषांतर करायचं. मी बोलेन तेवढं."

"तेवढंच करतो, साहेब. आजवर तेवढंच केलंय," सर म्हणाले.

त्या संध्याकाळी सर दत्तूकडे पाड्यावर गेले. दुसऱ्या दिवशी बसमध्ये मला सांगितलं. दत्तू ओट्यावर बसला होता, हाताला फडकं. सरांनी त्याला सांगितलं, मॅनेजरनी अहवालात काय लिहिलंय ते. तो म्हणाला, "सर, साहेब म्हंतात तर तसंच म्हना. माजीच चूक. त्यांनी गाडीनं कल्यानला नेलं, आता त्यांना नाय म्हनलं तर बरं दिसंल का?" त्याची बायको आतून ओरडली, "बरं दिसायचं रं कुनाला? हातानं नांगर धरनार कसा?" मग सर चालत सरळगावच्या स्टँडवर आले.

मोठे साहेब आले त्या दिवशी सर पहिल्या बसनं न येता त्याआधीच कसे कोण जाणे कंपनीत पोचले होते. मी पोचले तेव्हा चार नंबर बंद होता आणि त्याच्यावर लावलेला नवा ऑपरेटर बाहेर बिडी ओढत उभा होता. "सरांनी उतरिवला मला मशीनवरनं," म्हणाला.

मीटिंगमध्ये मोठे साहेब मधे, बाजूला चो साहेब, समोर मॅनेजर, कोपऱ्यात मी पॅड घेऊन. सर मोठ्या साहेबांच्या खुर्चीमागे. त्यांची चप्पल हलत नव्हती. मॅनेजर इंग्रजीत शांतपणे बोलले, यंत्र सेफ होतं, ऑपरेटर बेसावध होता. सरांनी सांगितलं. मला 'आन्जॉन' ऐकू आलं. मोठ्या साहेबांनी मान हलवली आणि पेनचं टोपण काढलं.

मग सर खुर्चीमागून निघून टेबलाच्या पुढे आले. मॅनेजरच्या शेजारी उभे राहिले, चो साहेब फोनपुढे वाकायचे तसे वाकले, आणि बोलायला लागले. तीनचार वाक्यंच असतील. झेंडूचं सांगतानाचं ते सरळ धावणारं कोरियन नव्हतं, एकेक शब्द ठेचकाळत येत होता. चो साहेबांचा चेहरा उतरत गेला.

"विशे, मी काही बोललेलो नाही," मॅनेजर म्हणाले.

"नाय साहेब. हे माझं हाय." मग माझ्याकडे वळले. "बाई, वेगळ्या ओळीत घ्या. सेफ हा शब्द मी सांगितला. यंत्र मी बघितलं नव्हतं. मला सांगनाऱ्यानं पन बघितलं नव्हतं. दत्तूनं वरच्याला नाय म्हनलं नाय, एवढीच त्याची चूक. किल्ली दसऱ्यापासून बंदवर हाय. आज सकाळी बघितली, आत्तापन बंदवरच हाय. मी हात लावलेला नाय."

मी ते वेगळ्या ओळीत घेतलं. मी घाबरले होते आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला होता. कारण सांगणाऱ्यांच्या पाठोपाठ लिहिणारीही होती आणि ती गप्प बसली होती.

मोठे साहेब उठले. आम्ही सगळे त्यांच्या मागून शॉपमध्ये गेलो. चार नंबरवर तोरण वाळून काळं पडलेलं, टोक अजून उजेडात. मोठ्या साहेबांनी कोणालाच काही विचारलं नाही, फक्त सरांकडे बघितलं. सरांनी बगलेतली लाल पाठीची चोपडी काढली, प्रेसच्या तोंडात, ऑपरेटरचा हात जातो तिथे ठेवली आणि मागे झाले. चो साहेबांनी बटण दाबलं. प्रेस थांबला नाही.

दत्तूची नोकरी राहिली. त्याला स्टोअरमध्ये घेतलं. किल्ली त्याच दिवशी फिरली आणि तोरण चो साहेबांनी स्वतः सोडवलं, दोन्ही हातांनी, आणि कुठे ठेवायचं ते सरांना विचारलं. सर म्हणाले, नदीत. सरांची नेमणूक मात्र ठरावीक मुदतीची होती, ती पुढे वाढवली नाही. कारण असं कोणी दिलं नाही. दुभाष्यानं स्वतःचं बोलायचं नसतं हे तर त्यांचंच म्हणणं होतं.

शेवटच्या दिवशी बसमध्ये त्यांनी मला चोपडी दाखवली. सगळ्या पानांतून आरपार भोक पडलं होतं, कडा चिरडलेल्या. 'हॉट'चा मधला रकाना गेला होता. 'सेफ'चं पान त्यांनी उघडलं. इंग्रजी शब्द अर्धा उरला होता, आणि कोरा तिसरा रकाना भरलेला होता. निळ्या शाईत लिहिलं होतं: 'बघून आलो.'

मी काहीतरी बोलायला हवं होतं. त्या डिटोच्या रेघांचं सांगायला हवं होतं. शेणवा आलं आणि ते उतरले.

पुढे मीही ती कंपनी सोडली आणि शहापुरात एका वकिलाकडे टायपिंगला लागले. सर पुन्हा कुठल्याशा शाळेत लागले, असं कानावर यायचं. भेट झाली नाही. मी मुद्दाम केलीही नाही.

आठ-नऊ वर्षांनी गणपतीत मी किन्हवलीला बहिणीकडे निघाले होते. रात्रभर पाऊस पडून सकाळी उघडला होता. शेणव्याच्या पुढे ओढ्यावरच्या फरशीवरून, बिनकठड्याच्या बुटक्या पुलावरून, पाणी जात होतं, एस.टी. अलीकडे थांबली. पलीकडे दप्तरं डोक्यावर घेतलेली शाळेची मुलं गाडीची वाट बघत उभी होती. पाणी ओसरतंय असं सगळेच म्हणत होते. कोणी म्हणालं, घोटाभर तर हाय, टाका गाडी, कायी नाय व्हत. ड्रायव्हरनं पाय क्लचवर ठेवला, तेवढ्यात पलीकडून कोणीतरी हात वर केला.

पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात मिटलेली छत्री, केस पांढरे. पाण्यात उतरून तो माणूस छत्रीनं फरशी ठोकत आमच्याकडे येऊ लागला. दर पावलाला डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा. मधेच वाकून त्यानं कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि काहीतरी चाचपलं. अलीकडे पोचला, वळला आणि दुसऱ्या कडेनं तसाच परत गेला. कंडक्टर ओरडला, "सर, टाइम जातोय ओ!" गाडीतले लोक हसले. मी हसले नाही. मला पायांखालून पाणी जात असल्यासारखं झालं होतं आणि मी दोन्ही पाय सीटवर ओढून घेतले होते.

तिसऱ्या फेरीला ते ड्रायव्हरच्या खिडकीखाली येऊन उभे राहिले. दम लागला होता.

"सेफ हाय ना, सर?" ड्रायव्हरनं विचारलं.

"उजवीकडची कड खचलीय. डावीकडून काढ, सावकाश," विशे सर म्हणाले. "बघून आलो."

त्यांनी मला पाहिलं की नाही, सांगता येत नाही. गाडी सुरू झाली आणि ते फरशीच्या उजव्या बाजूला, जिथे कड खचली होती तिथे, छत्री रोवून पाण्यात उभे राहिले. मी पाय खाली ठेवले.